पोच घेतली का?

गटार तुंबलं की त्याचा पहिला वास कुणाला येतो? घरातल्या बाईला. गल्लीतला दिवा गेला की क्लासवरून येणाऱ्या मुलीची वाट बघत दारात कोण उभं राहतं? आईच. घंटागाडी चार दिवस फिरकली नाही तर कचऱ्याची बादली ठेवायची कुठे, हा प्रश्नही तिचाच. नळ, गटार, कचरा, दिवा ही सगळी दुखणी आपल्या उंबऱ्याला लागून आहेत. पण नगरपालिकेत तक्रार करायची म्हटली की आपण म्हणतो, "ह्यांना सांगितलंय, बघतील ते." ह्यांना वेळ होत नाही. झालाच तर चहाच्या टपरीवर नगरसेवकाच्या कानावर घालतात. तो म्हणतो, "उद्याच माणूस पाठवतो." तो उद्या काही उजाडत नाही!

मैत्रिणींनो, तक्रार आपण करतोच की! नळावर करतो, भिशीत करतो, हळदीकुंकवाला करतो आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटोसकट करतो. फक्त जिथे करायला हवी तिथे ती पोचत नाही. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, याचा काहीच पुरावा उरत नाही. म्हणून तक्रार कागदावर करायची आणि त्याची पोच घ्यायची. सगळी गोम या पोचेत आहे.

मेहेरबानी नव्हे, कर्तव्य

नगरपालिकेत जाताना अनेकींना आपण काही मागायला चाललोय असं वाटतं. तसं अजिबात नाही. राज्यातल्या नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. रस्त्यावरची दिवाबत्ती, रस्त्यांची आणि गटारांची सफाई ही कामं त्यात नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं म्हणून दिलेली आहेत. घरपट्टी-पाणीपट्टी आपण भरतो. तेव्हा मान खाली घालून जायचं काही कारण नाही.

आधी खातं ओळखा

निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात जाऊन पडतात. गल्लीतला रस्ता बहुधा नगरपालिकेचा असतो, पण गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो. खांबावरचा दिवा बंद असेल तर नगरपालिका. तार लोंबत असेल किंवा डीपीतून ठिणग्या उडत असतील तर महावितरण. काही गावांत पाण्याचं काम जीवन प्राधिकरणाकडे असतं. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर दणाणत असेल तर ते काम पोलिसांचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ शांततेची ठरवली आहे. सणासुदीला काही ठरावीक दिवस सवलत मिळते, एरवी नाही. ११२ ला फोन करता येतो.

अर्ज असा लिहा

त्याला वकिली भाषा लागत नाही. साध्या वहीच्या कागदावर 'मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद' असं लिहून सुरुवात करा. एका अर्जात एकच विषय. गटार, कुत्री आणि खड्डे एकाच कागदावर कोंबले की तो कागद तीन टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही.

जागा नेमकी सांगा. 'आमच्या भागात' असं मोघम नको. कुठल्या गल्लीत, कुणाच्या दुकानासमोर, खांबाला नंबर असेल तर कितवा, ते लिहा. कधीपासून त्रास आहे ती तारीख घाला. 'फार घाण झाली आहे' यापेक्षा 'बारा दिवस गटाराचं पाणी शाळेच्या फाटकासमोर साचलं आहे' हे वाक्य जास्त काम करतं. शेवटी काय करून हवंय ते एका ओळीत. फोटो असेल तर जोडा. खाली नाव, पत्ता, सही. सही आपली, बरं का! ह्यांची नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक विभागात द्यायची. दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडायचं. हीच पोच. "ठेवा इथे, साहेबांना देतो," असं कुणी म्हणालं तर हसून म्हणायचं, "देताय ना, मग शिक्का मारून द्या." तरीही टाळाटाळ झाली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

दाद लागली नाही तर?

पंधरा दिवस वाट बघा, मग स्मरणपत्र द्या. त्यात आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक लिहा. तरी हालचाल नाही? मग २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही. 'काम का केलं नाही?' असं विचारू नका. 'अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, त्याच्या कागदांच्या प्रती द्याव्यात' असं विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर पहिलं अपील करता येतं. बघा, इथेही तो आवक क्रमांकच कामाला येतो.

आपलं अंगणही बघू या

गटारात भाताची पेज, शिळं अन्न आणि प्लास्टिकच्या पिशव्या सोडून तुंबल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. डेंग्यूचा डास तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कुंड्यांखालच्या बशा, कूलर कोरडे करायचे. ते काम मुख्याधिकारी करणार नाहीत.

आणि लोक काय म्हणतील?

खरी अडचण इथे आहे. "फार पुढं पुढं करते," "भांडखोर आहे" हे शिक्के नगरपालिकेच्या शिक्क्याआधी बसतात. शेजारच्याच्या सांडपाण्याची तक्रार असेल तर संबंध बिघडायची भीतीही असते. म्हणून एकटीने जाऊ नका. भिशीतल्या दहाजणी मिळून सह्या करा, दोघी-तिघी मिळून अर्ज द्यायला जा. दहा सह्यांच्या कागदातून एकीला वेगळं काढून नावं ठेवणं अवघड जातं. शेजाऱ्याशी मात्र आधी घरी जाऊन गोडीनं बोलावं, कागद त्यानंतर.

एक लक्षात ठेवा. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनेक नगरपालिकांवर काही वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि नगरसेविका पुन्हा सभागृहात आल्या. आपल्या प्रभागातल्या नगरसेविकेला अर्जाची एक प्रत जरूर द्या, आणि ती तिच्याच हातात द्या, तिच्या यजमानांच्या नव्हे. अर्जावर आपली सही हवी, तसं सभागृहात तिनं स्वतः बोलायला हवं. दोघींनाही सवय होईल.

तेव्हा या आठवड्याच्या भिशीत गटाराचा विषय निघालाच, तर चहाबरोबर एक कोरा कागदही मागवा.