टोचणी कुणाच्या हातची?

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात काखेत-जांघेत गाठी उठून माणसे तापाने मरू लागली. हा प्लेग आहे, हे मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. ओडेसात जन्मलेले जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन लगोलग मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करून त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. टोचलेल्यांत लागण कमी दिसली.

तरीही लोक बिचकले.

त्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्याच फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि पाठोपाठ पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघरे विटाळली, बायाबापड्यांची अब्रू राहिली नाही, घरातला आजारी माणूस उचलून नेला तो परत दिसेल याची खात्री नव्हती. या संतापाचा शेवट २२ जूनच्या रात्री पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळ्यांत झाला. मुंबईत तर त्याआधीच, १८९६च्या ऑक्टोबरात, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला होता. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी वदंता होती. दार फोडणारे आणि सुई पुढे करणारे सरकार एकच, मग दंड कोण पुढे करणार?

विश्वास बसला तो आपल्या माणसांमुळे. खोजांचे धर्मगुरू असलेल्या तरुण आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला जागा दिली आणि हजारो खोजा त्यांच्यामागून आले. हाफकिन स्वतःही सक्तीच्या विरोधात होते. लस मागून घ्यावी, लादली जाऊ नये, हा त्यांचा आग्रह आजही पटतो.

पण जमत आलेला विश्वास एका दुपारीही मोडतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईतल्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे साक्षीतून पुढे आले होते. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीरपणे बाजू घेतली, तेव्हा कुठे १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेला १९२५मध्ये मिळाले. मुलकोवालच्या मृत्यूंची बातमी मात्र पंजाबच्या गावोगावी तेव्हाच पोहोचली होती आणि टोचून घ्यायला माणसे येईनाशी झाली. चौकशी आणि निकाल यांत गेलेल्या त्या वर्षांत प्लेगने पंजाबात लाखो माणसे नेली. १९०७ हे त्यातले सर्वांत भीषण वर्ष होते.