जहाज तुमच्यासाठी थांबेल का?

नंदुरबार स्टँडवर कंडक्टर "दहा मिनिटं थांबेल" म्हणाला की आपण चहाला उतरतो. क्रूझवर तसंच, फक्त हिशोब तासांचा. जहाज सकाळी मुंबईत बॅलार्ड पिअरला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात उतरून केलेली सहल म्हणजे शोअर एक्सकर्शन.

घारापुरीचंच घ्या. गेटवेवरून लाँचने जायला साधारण तास, यायला तास, वर शंभरावर पायऱ्या. अर्धा दिवस तिथेच! आणि सोमवारी लेणी बंद असतात.

आता खरी गोम ऐका. सहल जहाजाकडून घेतली आणि परतायला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय तेच करतं. स्वतः टॅक्सी ठरवली तर स्वस्त पडतं, पण ट्रॅफिकमध्ये अडकलात की जहाज गेलं! पुढचा खर्च तुमच्या खिशातून. म्हणून माझं मत, सीएसएमटी, काळा घोडा एकट्याने बघा. पाणी ओलांडायचं असेल तर जहाजाचीच सहल घ्या.

अजून एक. परत चढायची शेवटची वेळ जहाज सुटायच्या बरीच आधी असते. ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळायची, मोबाइलच्या नाही. परदेशी फेरीत दोन्ही वेळा वेगळ्या असू शकतात.