बियाण्याचे पेटंट आणि शेतकऱ्याचा हक्क

खरिपाच्या तोंडावर गावोगाव एक प्रश्न विचारला जातो. कंपनीचे बियाणे विकत घेऊन पेरले व पीक आले, तर त्यातील बी पुढील वर्षासाठी राखून ठेवणे हा गुन्हा होय काय? बियाण्यावर ‘पेटंट’ आहे असे ऐकून कित्येक शेतकरी धास्तावतात. उलटपक्षी काहीजण दुसऱ्याच्या नावाच्या पिशवीत घरचे बी भरून विकतात. दोन्ही गोष्टी बहुधा कायद्याच्या अज्ञानातून घडतात. म्हणून या विषयाची मूलभूत माहिती ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट अथवा एकस्व म्हणजे नवा शोध लावणाऱ्यास ठरावीक मुदतीपर्यंत मिळणारा अनन्य हक्क होय. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. या काळात शोधकाच्या संमतीवाचून इतरांस तो शोध व्यापारासाठी वापरता येत नाही. मोबदल्यात शोधकाने आपली कृती लेखी उघड करावयाची असते, व मुदत संपताच ती सर्वांस खुली होते. शोध नवा, जाणकारासही सहज न सुचणारा व उद्योगास उपयोगी असला पाहिजे. जे पूर्वापार ठाऊक आहे त्यावर पेटंट मिळू शकत नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर केले, आणि १९९७ साली ते रद्द झाले.

सजीवांचा प्रश्न

यंत्र आपल्यासारखे दुसरे यंत्र निर्माण करीत नाही. बी मात्र आपल्यासारखे बी निर्माण करते. कायद्यापुढील खरी अडचण ही आहे. खनिज तेलातील घटकांचे विघटन करणारा जिवाणू प्रयोगशाळेत तयार करणारे डॉ. आनंद चक्रवर्ती यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, मानवनिर्मित जिवाणूवर पेटंट देता येते. पुढे तेथे वनस्पती व बियाणेही पेटंटच्या कक्षेत आले. २०१३ साली त्याच न्यायालयाने ठरविले की, पेटंट असलेल्या सोयाबीनचे दाणे राखून पुन्हा पेरणाऱ्या बोमन या शेतकऱ्याने पेटंटचा भंग केला.

भारताचा मार्ग

भारताने निराळा मार्ग पत्करला. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन कलम ३(जे) घालण्यात आले. त्यानुसार वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणे व वाण यांवर पेटंट मिळत नाही. सूक्ष्मजीव यातून वगळले आहेत. परंतु निसर्गात मुळातच आढळणारा जिवाणू केवळ शोधून काढल्याने पेटंटास पात्र ठरत नाही.

मग बियाण्यात घातलेल्या जनुकाचे काय? बोंडअळीस प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसास भारतात मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यासंबंधीच्या मोन्सँटो कंपनीच्या एका पेटंटवरून नुझिवीडू या बियाणे कंपनीशी वाद झाला. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते पेटंट अवैध ठरविले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूस सारून पुराव्यानिशी पूर्ण सुनावणी घेण्यास सांगितले. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली व २०२१ साली उभय पक्षांत तडजोड झाली. त्यामुळे मूळ प्रश्नाचा अंतिम निवाडा त्या प्रकरणात झाला नाही.

शेतकऱ्याचा हक्क

नवीन वाण काढणाऱ्याचे श्रमही वाया जाऊ नयेत, यासाठी २००१ साली पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा करण्यात आला. नोंदणीकृत वाणास शेतपिकांत १५ वर्षे, तर वृक्ष व वेलवर्गात १८ वर्षे संरक्षण मिळते. शेतकऱ्याने स्वतः विकसित केलेला वाणही नोंदविता येतो. याच कायद्याच्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्यास संरक्षित वाणाचे बी राखून ठेवणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे व विकणे यांची मुभा आहे. अट एकच: ते नाममुद्रा असलेल्या पिशवीतून विकता येणार नाही.

हा हक्क कागदापुरता नाही. २०१९ साली गुजरातेत एका नोंदणीकृत बटाटा वाणावरून पेप्सिको कंपनीने काही शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक रकमेचे दावे लावले होते. शेतकरी संघटनांनी कलम ३९ पुढे केले, आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले.

व्यवहारात काय करावे?

कायद्याची मुभा असली तरी निसर्गाचे नियम बदलत नाहीत. संकरित वाणाचे बी राखून पेरल्यास पुढील पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. बीटी जनुकही सर्व झाडांत उतरत नाही व उत्पन्न घटते. म्हणून बी राखावयाचे ते सुधारित सरळ वाणाचेच राखावे आणि उगवणशक्ती तपासून पेरावे.

तसेच पेटंट व लागवडीची मंजुरी या भिन्न बाबी आहेत. जनुक बदललेल्या पिकास पर्यावरणविषयक नियमांखालील मंजुरी स्वतंत्रपणे लागते. अशी मंजुरी नसलेले बियाणे कोणी चोरून आणून दिल्यास घेऊ नये. फसवणूक झाल्यास दाद मागण्यास आधारही उरत नाही.

विकत घेतलेल्या बियाण्याची पावती, पिशवी व खूणचिठ्ठी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. नोंदणीकृत वाण सांगितल्याप्रमाणे न उतरल्यास प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते, व त्यासाठी पुरावा लागतो. कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच ही माहिती ग्रामसभेत समजावून द्यावी. आपला हक्क कोठवर आहे हे ज्यास ठाऊक आहे, तो शेतकरी खोट्या धाकास बळी पडत नाही आणि कायद्याचा भंगही करीत नाही.