२०० पैकी २००, तरी पुढच्या वेळी नो एन्ट्री!

परमेश्वराच्या यात्रेत फुगे फोडायची बंदूक तुम्ही एकदा तरी हातात घेतली असेलच. तिथला फुगा निदान जागेवर तरी असतो. आता तोच सुसाट पळतोय, कधी सुटेल ते माहीत नाही आणि तो दिसेपर्यंत बंदूक खांद्याला लावायची नाही, असं समजा. या खेळाचं नाव स्कीट.

मैदानावर दोन घरं, एक उंच, एक बुटकं. त्यांतून ११० मिलिमीटरच्या चकत्या उडतात. खेळाडू आठ ठिकाणांवरून नेम धरते. तिने आवाज दिला की चकती लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांच्या आत कधीही. तोवर बंदुकीचा दस्ता कमरेशी! कधी दोन्ही घरांतून एकदमच चकत्या सुटतात. एका राउंडला २५, असे पाच राउंड.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्कीटला स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. चीनची २४ वर्षांची झांग शान पुरुषांच्या बरोबरीने उतरली. सुरुवातीच्या फेऱ्यांत तिने २०० पैकी २०० चकत्या फोडल्या, शेवटी २२५ पैकी २२३. सुवर्णपदक तिचंच. आता तुम्हाला वाटेल, पुढे मुलींची रांगच लागली असेल. कसलं काय! १९९६ च्या अटलांटात स्कीट फक्त पुरुषांसाठी होती. चॅम्पियन बाईला आपलं पदक राखायला मैदानात पायच ठेवता आला नाही. महिलांची वेगळी स्कीट आली ती २००० साली, सिडनीत. त्यानंतरही कित्येक वर्षं पुरुषांना १२५ चकत्या आणि बायकांना ७५. हा हिशोब २०१८ मध्ये सारखा झाला. का बरं इतका वेळ लागला? नेम तर तिने आधीच दाखवला होता.

आपल्याकडे चंडीगडच्या गनेमत सेखोंने २०२१ मध्ये दिल्लीच्या वर्ल्डकपमध्ये ब्राँझ मिळवलं. जालोरची महेश्वरी चौहान २०२४ मध्ये दोह्याच्या पात्रता स्पर्धेत शूट-ऑफमध्ये हरली, ती चिलीच्या फ्रान्सिस्का क्रोवेत्तोकडून. त्याच फ्रान्सिस्काने पुढे पॅरिसमध्ये सुवर्ण नेलं. पॅरिसच्या मिश्र सांघिक गटात महेश्वरी आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं ब्राँझ ४३-४४ असं एका चकतीने हुकलं.

आणि आपल्या पोरी? अंजली भागवत, २०१० ची जगज्जेती तेजस्विनी सावंत, २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत. सगळ्या रायफल नाहीतर पिस्तूलवाल्या. माझ्या मते यात हिशोबाचा भाग मोठा आहे. एअर रायफलला दहा मीटरचा हॉल पुरतो. स्कीटला मोकळं रान, लायसन्सची शॉटगन आणि प्रत्येक चकतीला एक काडतूस. रोज चार राउंड मारले की शंभर काडतुसं संपली. हिमायतनगरच्या शेतकऱ्याच्या घरात हा खर्च कोण काढणार?

रायफलचं तसं नाही. कॉलेजात एनसीसी असेल तर पॉइंट टू-टू रायफल हातात येते, तीही फुकट. फायरिंगच्या दिवशी दांडी मारू नका. गोळ्या एकाच जागी जवळजवळ पडत असतील तर सरांना पुढच्या शूटिंग कॅम्पचं तिथल्या तिथे विचारा. मुलींनो, तुम्ही तर नक्कीच.