दिवा आधी कमी करा

फिश टँकच्या काचेवर हिरवा थर धरू लागला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. शेवाळ मारायचं औषध आणतात, नाहीतर शेवाळ खाणारा मासा आणतात. शेवाळ मुळात का आलं, हा प्रश्न दोन्ही वेळा तसाच राहतो. त्याचं उत्तर शोधायचं तर पाण्याखालची वनस्पती कशावर जगते, इथून सुरुवात करावी लागते.

तिला उजेड लागतो, कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, लोह अशी खतं लागतात. यांतलं जे सगळ्यांत कमी पडेल, तिथे वाढ अडते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न जोडलेल्या साध्या टँकमध्ये कमी पडतो तो बहुतेक वेळा कार्बनच. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. माशांच्या श्वासातून आणि तळाच्या गाळातून थोडी भर पडते, एवढंच. शिवाय हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू जवळपास 10,000 पट सावकाश पसरतो. अशा टँकवर झगझगीत दिवा लावला की पानांची मागणी वाढते आणि पुरवठा मात्र आहे तेवढाच राहतो. शेवाळाचे धागे बारीक असतात, पाण्याशी त्यांचा संपर्क मोठा असतो, आणि तेवढ्याशा कार्बनवरही त्यांचं भागतं. जास्तीचा उजेड मग त्यांच्या कामी येतो. म्हणून मंद उजेड ही अशा टँकची उणीव समजू नये. त्याचं गणित जुळतं ते मंद उजेडातच.

मंद म्हणजे किती? लिटरमागे 10 ते 20 ल्युमेन हा ठोकताळा चांगला आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण 55 लिटर पाणी मावतं, त्याला 600 ते 1,000 ल्युमेनचा एलईडी पुरतो. दिवा सुरुवातीला रोज सहा तास लावावा, झाडं रुजली की आठ. हे टायमरवर सोपवलेलं बरं, कारण पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत जळत राहिलेला दिवा कुणाच्या लक्षात राहत नाही. अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांनी 1999 साली लागवडीच्या मत्स्यालयांवर एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. दिवा दुपारी काही तास बंद ठेवायला त्या सांगतात: त्या विश्रांतीत पाण्यातला कार्बन पुन्हा भरून येतो. नोकरी करणाऱ्यांना ही पद्धत सोयीचीही आहे, सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास. टँक खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नये. उन्हाला टायमर नसतो.

झाडंही या उजेडाला साजेशी हवीत. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस आणि क्रिप्टोकोरिन ही माझ्या मते पहिली चार. अनुबियास पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्याकाठच्या सावलीत वाढतं. त्याचं आडवं जाड खोड वाळूत पुरलं तर कुजतं. सुती दोऱ्याने ते लाकडाला किंवा दगडाला बांधायचं, मुळं आपोआप पकड घेतात. जावा फर्नचंही तसंच. क्रिप्टोकोरिनला मात्र मुळं रोवायला वाळू लागते. दुकानांत मिळणारी वेंडटी ही जात श्रीलंकेची. याच कुळातली रेट्रोस्पायरॅलिस आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांच्या पात्रांत वाढते. क्रिप्टोकोरिन नव्या पाण्यात लावलं की बऱ्याचदा आठवड्याभरात त्याची पानं विरघळल्यासारखी गळून जातात. घाबरून उपटू नका. मूळ जिवंत असतं आणि नवी पानं तिथूनच फुटतात. गळलेली पानं तेवढी लगेच काढून टाका, ती कुजली की पाण्यात अमोनिया सुटतो.

हा अमोनिया नव्या टँकमध्ये फार त्रास देतो. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर काचेवर आणि पानांवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो. ते डायाटम नावाचे सूक्ष्म जीव असतात. बोटाने पुसले जातात आणि टँक मुरला की बहुधा आपोआप ओसरतात. या काळात मासे थोडे ठेवावेत, खाणं कमी घालावं आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी क्लोरीन काढणाऱ्या औषधाने घालवायचं.

पुढे येणारं शेवाळ आपली तक्रार वेगवेगळ्या रूपांत सांगतं. अनुबियासच्या जुन्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे, नखानेच निघतील असे घट्ट हिरवे ठिपके दिसले, तर उजेड जास्त असतो किंवा फॉस्फेट कमी. फॉस्फेटवरून बराच वाद झाला. सिअर्स आणि कॉनलिन या मत्स्यालयांच्या अभ्यासकांनी 1996 साली मांडलं की फॉस्फेट तोडलं की शेवाळ आवरतं. पुढे टॉम बार या दुसऱ्या अभ्यासकाने भरपूर झाडांच्या टँकमध्ये फॉस्फेट मुद्दाम घातलं, तरी शेवाळ उसळलं नाही. मंद उजेडाच्या टँकमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस माशांच्या खाण्यातून बऱ्यापैकी मिळतात. पोटॅशियम आणि लोह कमी पडतात. त्यासाठी आठवड्यातून एकदा, बाटलीवरच्या मात्रेच्या निम्मं द्रवखत पुरतं.

पानाच्या कडेला काळ्या दाढीसारखे झुपके आले तर ते लाल शैवालांच्या गटातलं असतं. स्पिरिटमध्ये टाकलेला तुकडा लालसर होतो, तेव्हा हे कळतं. पाण्यात साचलेली घाण आणि कमी-जास्त होणारा कार्बन त्याच्या पथ्यावर पडतात. ते घासून निघत नाही, पानच कापावं लागतं. वाळूवर निळसर हिरवी, चिकट, उग्र वासाची चादर पसरली तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. ती चादर नळीने ओढून काढायची, पाण्याचा प्रवाह वाढवायचा आणि टँक तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवायचा.

द्रव कार्बन म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत बहुतेकदा ग्लुटारल्डिहाइड असतं, म्हणजे रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते रसायन. त्याने शेवाळ मरतं हे खरं, पण वॅलिसनेरियासारख्या झाडांची पानंही विरघळतात. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवाळ खाणारा म्हणून हमखास गळ्यात मारला जाणारा सकर मासा तर दीड फुटापर्यंत वाढतो. टँकमध्ये मावेना म्हणून लोक तो तळ्यात, नदीत सोडतात. आज उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हाच परदेशी मासा सापडतो. त्यापेक्षा लहान नेराइट गोगलगायी आणाव्यात. काच आणि पानं त्या निवांत खरवडतात आणि गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं वाढत नाहीत.

एका वेळी एकच बदल करा, आणि निकाल नव्या पानावर पाहा. ठिपके पडलेलं जुनं पान पुन्हा स्वच्छ होणार नाही. अनुबियासला नवं पान यायला तीन-चार आठवडे लागतात. दिव्याचा वेळ दोन तासांनी कमी केल्यावर आलेली पुढची दोन पानं स्वच्छ असतील, तर बदल बरोबर झाला. मग जुनी पानं एकेक करून खोडापासून कापायला हरकत नाही.