घरचं वायफाय, भाग ६ : पासवर्ड आहे, पण कोणता?

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ईमेल आला. आयपी पत्त्याचा माग काढत तपास पोहोचला नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी. ईमेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, एवढंच. ऑगस्टमध्ये आलेल्या पुढच्या ईमेलला माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं वायफाय वापरलं गेलं, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन शहरातली उघडी नेटवर्क हुडकण्याची मोहीम काढली.

पोलीस ग्राहकाच्याच दारात का जातात? घरातले चार फोन, टीव्ही आणि लॅपटॉप बाहेरच्या जगाला साधारणपणे एकाच पत्त्यावरून दिसतात, आणि तो पत्ता इंटरनेट कंपनीच्या दफ्तरी बिल भरणाऱ्याच्या नावावर असतो. जिन्यात उभं राहून कुणी तेच वायफाय वापरलं, तरी नोंद त्याच नावावर.

आता उघडं वायफाय क्वचितच सापडतं. पण पासवर्ड म्हणून अनेक घरांत असतो घरातल्या कर्त्याचा मोबाइल नंबर. जोडणी करायला आलेला पोरगा विचारतो, ‘पासवर्ड काय ठेवू?’ आणि सगळ्यांच्या लक्षात राहील म्हणून नंबर सांगितला जातो. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. आकडा ऐकायला भारदस्त आहे. पण डब्ल्यूपीए२ या २००४ पासूनच्या पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते, ती हवेतून टिपता येते. मग घरी निवांत बसून अंदाज पडताळायचे. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. दमदार ग्राफिक्स कार्डाला ते ४०० कोटी म्हणजे काही तासांचं काम. चार-पाच असंबद्ध शब्दांची लांबलचक माळ त्याला फार महागात पडते. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने घरी बसून अंदाज लावण्याची ही सोयच काढून घेतली, म्हणून राउटरमध्ये तो पर्याय असेल तर तोच निवडावा. त्याआधीची डब्ल्यूईपी ही पद्धत दिसली, तर राउटर भंगारात. ती २००७ मध्येच मिनिटाभराच्या आत फुटत होती.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी पिन टाकून वायफाय जोडायची सोय, तिचा पिनही बंद करावा. तो आठ आकडी असला तरी राउटर त्याचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून निघतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्नांत काम होतं, हे २०११ मध्ये उघड झालं.

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड मात्र वेगळा असतो, आणि तो बदलायचं बहुतेकांच्या गावीही नसतं. जुन्या राउटरवर तो ‘अ‍ॅडमिन’ असाच राहिलेला असतो. वायफायवर आलेला कुणीही मग तिथे शिरून सगळ्या घराची वाहतूक भलतीकडे वळवू शकतो.

दवाखाना किंवा सीएचं ऑफिस असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क वेगळं ठेवावं. बाकावर नंबर लावून बसलेल्यांना इंटरनेट मिळतं. टॅलीचा संगणक आणि प्रिंटर त्यांच्या फोनला दिसत नाहीत. त्या गेस्ट नेटवर्कलाही पासवर्ड हवा, कारण बिल तिथेही डॉक्टरांच्याच नावाने येतं.