ठराव आणि तोटी

विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लहान नगरपरिषदेची विषयपत्रिका हातात घ्या, पहिली ओळ बहुधा हीच असते. त्याखाली मग गाव उतरतं. जलशुद्धीकरण केंद्रासाठी तुरटी आणि टीसीएल पावडर खरेदीचे दर मंजूर करणे. आठवडे बाजाराच्या फी वसुलीचा ठेका. मोकाट कुत्र्यांचं निर्बीजीकरण. स्मशानभूमीसाठी जळाऊ लाकूड. विसर्जन घाटावर दिवाबत्ती. प्रभाग सहामधली गटार, प्रभाग नऊमधली गटार, आणि सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. गावातला मुरलेला पत्रकार बाकीचं सोडून या शेवटच्या ओळीवर नजर ठेवतो. एखाद्या मोक्याच्या जागेचा भाडेपट्टा किंवा जादा कामाचं बिल यायचं असेल, तर ते या दारानेच आत येतं.

कायदा 1965 चा : महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली की 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्ग, त्याखालचं 'क' वर्ग. दोन महिन्यांतून एकदा सर्वसाधारण सभा व्हायलाच हवी आणि तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघायला हवी. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. जिथे खरोखर मतभेद असतात तिथे ते आदल्या रात्रीच कुणाच्या तरी माडीवर मिटवलेले असतात. सभेत 'सर्वानुमते मंजूर' एवढंच ऐकू येतं. मिटलेच नाहीत, तर विरोधक कलम 308 चा अर्ज घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. कारण ठराव तहकूब करण्याचा अधिकार तिथे आहे. वीस-पंचवीस निवडून आलेल्या माणसांनी हात वर करून घेतलेला निर्णय जिल्ह्याच्या ठिकाणी एका सहीने अडतो, ही गोष्ट नव्या नगरसेवकाला पहिल्या वर्षात कळते.

सभा संपली की चहा-बिस्किटं होतात आणि गाव पुन्हा ज्यांच्या हातात असतं त्यांच्याकडे जातं. त्यांची नावं इतिवृत्तात कधी येत नाहीत.

पहाटे उजाडायच्या आत हजेरी शेडवर मुकादम रजिस्टर उघडतो. कोण आलं, कोण 'खाडा', कुणाला कुठली गल्ली. मुख्य रस्ता आधी, कारण बाजार उघडण्यापूर्वी तो झाडून व्हायला हवा. मग घंटागाड्या सुटतात. आता त्यांच्यावर घंटेऐवजी ध्वनिक्षेपक असतो आणि तेच स्वच्छतेचं गाणं अख्ख्या गावाला पाठ झालेलं असतं. झाडूवाल्यांत जुने कायम कामगार थोडे उरले आहेत आणि ते बरेचसे एकाच दोन वस्त्यांमधले आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. पोटाची हमी देणारी तरतूद म्हणून ती जपली जाते, आणि त्याच तरतुदीमुळे झाडूही एका घरातून दुसऱ्या पिढीकडे जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बाकीचे सगळे ठेकेदाराचे. त्यांचा पगार, हातमोजे, भविष्य निर्वाह निधी हे सगळं निविदेच्या अटींत लिहिलेलं असतं आणि त्यातलं किती प्रत्यक्षात मिळतं ते मुकादमाला माहीत असतं.

या कामात महाराष्ट्रातल्या लहान गावांनी मोठ्या शहरांना मागे टाकलं, हे मात्र मान्य करायला हवं. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या गावांत 2020 साली कराड देशात पहिलं आलं, 2021 मध्ये विटा, 2022 मध्ये पाचगणी आणि 2023 मध्ये सासवड. जेमतेम बारा हजार वस्तीच्या वेंगुर्ल्याने तर आपल्या कचरा डेपोचं पर्यटनस्थळ केलं. लोक तिकडे सहली काढून वर्गीकरण बघायला जाऊ लागले. गाव लहान असलं की ओला कचरा सुक्यात टाकणारी बाई किंवा बाप्या कोण, हे गाडीवाल्याला नावानिशी ठाऊक असतं. 'वहिनी, डायपर वेगळं द्या' असं तो दारात उभं राहून सांगू शकतो. महानगराला ही सोय नाही.

पाण्याचं प्रकरण यापेक्षा अवघड. गावातला सगळ्यात ताकदवान माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी नगराध्यक्षाचं नाव घेणार नाही, वॉलमनचं घेईन. त्याच्या सायकलला किंवा मोटारसायकलला एक लांब लोखंडी चावी अडकवलेली असते. कुठल्या चौकात, कुठल्या झाकणाखाली, किती आट्यांवर कुठली गल्ली उघडते याचा नकाशा कित्येक गावांत फक्त त्याच्या डोक्यात आहे. जुनी लाईन बिडाची, नवी पीव्हीसीची, मधला एक जोड कुणी कधी टाकला त्याची नोंद नाही. अभियंता बदलून येतो आणि आल्यावर पहिले पंधरा दिवस वॉलमनच्या मागे फिरतो. शहाणा असेल तर महिनाभर फिरतो.

वॉलमनची चावी सरकारी वेळापत्रकावर चालत नाही. जॅकवेलवर लाईट गेली की उपसा थांबतो, टाकी भरत नाही, पहाटे पाचचा झोन नऊला जातो आणि नऊचा उद्यावर. मग फोन सुरू होतात. 'दादा, आमच्याकडं पाणी आलं न्हाई,' ही तक्रार नगरसेवकाकडे, नगरसेवकाची पाणीपुरवठा सभापतीकडे, सभापतीची अभियंत्याकडे आणि अभियंत्याची वॉलमनकडे. चारही फोन होईपर्यंत वॉलमन त्या गल्लीत पोचलेला असतो. त्याला लाईट कधी आली ते आधीच माहीत असतं. उंचावरच्या घरांना दाब पुरत नाही, खालची घरं नळाला थेट मोटर लावतात, आणि मोटर जप्त करायला गेलेल्या पथकाला तीच मोटर आदल्या सभेत पाण्याच्या टंचाईवर सर्वात मोठ्याने बोललेल्या सदस्याच्या घरीही सापडू शकते.

हे असंच चालायला हवं असं नाही. कराडशेजारच्या मलकापूरने नळाला मीटर बसवले, वापर वाढेल तसा चढता दर लावला आणि चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. नळ कायम चालू असेल तर कुणी पिंप भरून ठेवत नाही आणि सकाळी शिळं पाणी म्हणून ओतूनही देत नाही, हा साधा हिशेब तिथे खरा ठरला. दुसऱ्या टोकाला मनमाड. वागदर्डी धरणाचा साठा आणि पालखेडच्या कालव्याचं आवर्तन यांवर तगून राहिलेल्या या रेल्वेच्या गावात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी आलेलं आहे. मनमाडकरांच्या घरात टाक्या, पिंपं, बॅरल, कळश्या यांना जेवढी जागा लागते तेवढी माणसांना लागत नाही. एकाच कायद्याखालची दोन गावं. मनमाडची मुख्य अडचण धरणात आहे, सभागृहात नाही. पण मधल्या पट्ट्यातली कित्येक गावं अशी आहेत, की नदी आहे, योजना आहे, टाकी आहे, आणि मीटरचा विषय मात्र दर सभेत 'पुढील सभेत ठेवण्यात यावा'.

पालिकेचा ठराव आणि पाणी यांच्यातलं अंतर किती असू शकतं, याचं सर्वात मोठं उदाहरण कोकणातल्या एका लहान नगरपालिकेच्या दप्तरात आहे. 1923 साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने तो 1924 मध्ये स्वीकारला आणि चवदार तळं सर्वांना खुलं झाल्याचं कागदावर नोंदलं. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस ठरावाच्या बाजूचे होते. तरी तीन वर्षं त्या तळ्यावर अस्पृश्यांपैकी कुणाला ओंजळ भरता आली नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं. ठराव करणं, तो न पाळणं, मग फिरवणं, हे सगळं एका गावच्या इतिवृत्तात घडलं आणि त्यातून देशाचा इतिहास वळला. स्थानिक स्वराज्य म्हणजे आपोआप न्याय, असं मानणाऱ्याने महाडचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

आता खिडकीकडे येऊ. नगरपालिकेच्या इमारतीत तळमजल्यावर जन्म-मृत्यूची खिडकी असते आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ बाकावर बसलेली माणसं दिसतात. जन्म किंवा मृत्यू 21 दिवसांत कळवला तर फी नाही. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद नाही. बाळाचं नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते आणि नाव नंतर घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून दहावीच्या आधी आईबापांची धावपळ उडते, कारण शाळेत 'अथर्व' आणि पालिकेत नुसतं 'पुरुष'. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी हा दाखला शाळा, परवाना, मतदार यादी सगळीकडे जन्माचा एकमेव पुरावा धरला जातो, त्यामुळे खिडकीपुढची रांग कमी होण्याचं चिन्ह नाही. आतल्या खोलीत जुन्या वह्या आहेत, त्यांपैकी काही मोडीत. 2023 च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभरच्या जुन्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला.

शेजारची खिडकी घरपट्टीची. बिल नीट वाचावं असं आहे. मालमत्ता कर, शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, दुकान असेल तर रोजगार हमी कर. यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिका फक्त गोळा करते. तो पैसा राज्याचा. शिव्या मात्र पूर्ण बिलाच्या तिलाच मिळतात. आकारणी करताना घराचं वार्षिक भाडेमूल्य काढायचं, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर. थकवला तर महिन्याला दोन टक्के शास्ती. मार्च आला की वसुली पथकं निघतात, चौकात थकबाकीदारांचे फलक लागतात, काही गावांत थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवला गेला आहे. थकबाकीच्या यादीत सरकारी कार्यालयंही असतात, पण त्यांच्या दारात बँड वाजल्याचं मी ऐकलेलं नाही.

एके काळी पालिकेला या घरपट्टीवर एवढं अवलंबून राहावं लागत नव्हतं. वेशीवर जकात नाका होता, रोजच्या रोज रोकड येत होती. जकात म्हणजे भ्रष्टाचाराचं कुरण आणि ट्रकांच्या रांगा, हे खरंच होतं. ती नगरपरिषदांमधून 1999 मध्ये गेली याचं दुःख कुणाला नव्हतं. तिच्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान येऊ लागलं आणि त्यातून पगार होऊ लागले. म्हणजे गावाच्या झाडूवाल्याचा पगार मुंबईहून. विकासकामांचा पैसाही तसाच वरून : वित्त आयोग, नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण योजना. प्रत्येकाचा हेतू ठरलेला, प्रत्येकाची मुदत ठरलेली. मला वाटतं, लहान नगरपालिकेचा स्वभाव यानेच बदलला. गटार कुठे तुंबते हे बघून योजना आखायची, त्याऐवजी कुठल्या लेखाशीर्षात किती शिल्लक आहे ते बघून गटार शोधायची. सभागृह, व्यायामशाळा, पेव्हर ब्लॉक यांना निधी चटकन मिळतो आणि फलकही मोठा लागतो. त्या फलकावर आमदारांचे प्रयत्न ठळक अक्षरांत, नगरपरिषद खाली, बारीक. वीजबिलासाठी, जुन्या पंपाच्या दुरुस्तीसाठी, फुटलेल्या लाईनसाठी पैसा वरून येत नाही, आणि रोज लागतो तो नेमका हाच.

खुर्चीबाबतही वरूनच हुकूम येत राहिले. नगराध्यक्ष 2001 मध्ये थेट जनतेतून, 2006 मध्ये सदस्यांतून, 2016 मध्ये पुन्हा थेट, 2020 मध्ये पुन्हा सदस्यांतून, 2022 मध्ये परत थेट. मुंबईतलं सरकार बदललं की गावच्या अध्यक्षाला निवडण्याची रीत बदलते. त्यात इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि 2016 च्या हंगामात निवडून आलेल्यांची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक झाले. मुख्याधिकारी म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून स्वतःच तो मंजूर करायचा. सूचक नाही, अनुमोदक नाही, माडी नाही. कामं झपाट्याने झाली असं सांगणारे व्यापारी मला भेटले. गल्लीत पाणी आलं नाही तर फोन कुणाला करायचा हे कळेनासं झालं, असं सांगणाऱ्या बायका त्याहून जास्त भेटल्या.

याच काळात बऱ्याच गावांत चातुर्वार्षिक आकारणी उरकली गेली. कायद्याने ती दर चार वर्षांनी व्हायची. निवडून आलेली सभा ती शक्य तितकी लांबवते, कारण वाढीव घरपट्टीची नोटीस घरोघरी जाते आणि तीच घरं मतदान करतात. प्रशासकाला मतदान नसतं. नोटिसा गेल्या, हरकतींचे गठ्ठे आले, मोर्चे निघाले, काही ठिकाणी वाढीला स्थगिती मिळाली. डिसेंबर 2025 मध्ये एकदाच्या निवडणुका झाल्या तेव्हा 'वाढीव घरपट्टी रद्द करू' हे वाक्य कुठल्याच पक्षाच्या पत्रकाला परकं नव्हतं. निम्म्या जागांवर बायका निवडून आल्या, त्यातल्या पुष्कळ पहिल्यांदाच. आता घरपट्टीचा तो विषय त्यांच्यापुढे येईल. त्याच टिपणीला लेखापालाने पाणीपुरवठ्याच्या थकीत वीजबिलाचा तक्ता जोडलेला असेल, आणि कुणीतरी विचारेल की हे दोन्ही कागद एकत्र कशाला जोडलेत.